चौदा दिवसांत परत

दुकानातल्या पोराने काच पुसली, म्हणाला,
"सर, वजन बघा. अर्धा किलोसुद्धा नाही."
बघितलं.
जहाजांना विकलेलं तेल मोजण्यात
बावीस वर्षं गेली माझी,
हातात आलेली वस्तू आधी तोलतो,
मत नंतर.
तेराशे एकोणपन्नास दिरहॅम. मनात रुपये केले,
आणि ही खोड कधी जाणार म्हणून चिडलो.
"नाही पटला टॅबलेट, तर चौदा दिवसांत परत. बिल तेवढं जपा."

पहाटे पाचला गुल नवाझची लाँच.
फुजैराच्या धक्क्यावरून निघालं
की पाऊण तास नुसती नांगरलेली जहाजं.
टाकीत पितळी लोलक सोडायचा,
पट्टी वर ओढायची, तेलाची रेघ वाचायची,
तक्त्यात आकडा शोधायचा.
तक्त्यांची वही इतकं तेल प्यायली आहे
की तिचीच मोजणी करावी.

नऊ वाजता पडद्यावर तक्ता दिसतो.
दहाला पडद्यात मी दिसतो,
हेल्मेट, गॉगल, मागे क्रेन.
हातमोजा घातला तर टॅबलेट मला ओळखत नाही,
काढला तर कठडा पोळतो.
साडेअकराला त्याने लिहून दाखवलं,
तापमान जास्त आहे, थंड होईपर्यंत थांबा.
दुपारची सरकारी विश्रांती सोडली
तर इतक्या अदबीने
इथे मला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं.
डब्याच्या पिशवीत, ताकाच्या बाटलीला टेकवून ठेवला त्याला.
वीस मिनिटांत शुद्धीवर आला.

अहवाल इंग्रजीत जातो.
कच्ची टिपणं मराठीत,
म्हणजे जहाजावरच्या इंजिनीयरला
खांद्यावरून डोकावून काही मिळत नाही.
सोबतच्या पेनाने लिहिलं, टाकी चार, तळाशी गाळ.
त्याने छापील करून दिलं,
टाकी चार, तळाशी गाल.
पुन्हा गाळ. पुन्हा गाल.
गोंधळेकर बाई म्हणायच्या,
आडवा पडलेला आठ काढ, हात उचलू नकोस.
डेक हलत होतं, मी पन्नाशीत
आठ पाडत होतो आडवे,
एकाखाली एक.
नवव्या वेळी मानलं त्याने.
नंतर पुन्हा विसरला.

रात्री खोलीत नाटक लावलं, जुनं चित्रीकरण.
आवाज चांगला आहे, हे लिहून ठेवलं,
तिसऱ्या रांगेतला खोकलासुद्धा
ऐकू येतो.
वर्गीस त्याच्या पलंगावरून बघत होता.
प्रेक्षक हसले की अर्ध्या सेकंदाने तोही हसायचा.
मी थांबवून हिंदीत सांगायला लागलो
तर विनोद जागीच मेला.
"सांगू नको," म्हणाला, "मला हसू दे."
तीन अंक झाले, बॅटरी एकोणचाळीस टक्के.

तेराव्या दिवशी हिशेब मांडला.
डाव्या बाजूला ऊन, हातमोजा, ळ.
उजवीकडे वजन, खोकला,
आणि वर्गीसचं नाव लिहून खोडलं,
तो काही टॅबलेटचा गुण नव्हे.
डावी बाजू जड.
गाडी काढली, दुकानाशी लावली,
काचेखाली ठेवलेलं बिल उचललं.
काळं.
उष्णतेने छापलेला कागद
उष्णतेनेच भरून टाकला होता,
कडेपासून कडेपर्यंत.

पोराने दिव्याखाली धरलं, उलटं केलं,
"सर, यात काहीच वाचता येत नाही."
मी तिरपं धरलं.
तेलात बुडालेल्या पट्टीवरची रेघ
ज्या कोनातून वाचतो, त्याच कोनातून.
काळ्यात थोडं जास्त काळं.
एक. तीन. चार. नऊ. खाली तारीख.
पोराने मान वाकडी करून पाहिलं,
"आहे," म्हणाला. "कसं काय?"
त्या "कसं काय"चं मला इतकं बरं वाटलं
की पिशवीची चेन तशीच राहिली.

उन्हात चकाकत नाही अशी फिल्म आहे का, विचारलं.
होती. चाळीस दिरहॅम. या वेळी रुपये केले नाहीत.
बसवताना कोपऱ्यात एक बुडबुडा राहिला,
त्याने कार्डाने घासला, नखाने दाबला,
जाईना.
असू दे म्हटलं.
मापात धरू.